कानवाली माय

माझी आई बोलणारी बाई नव्हती. ती गेल्याला दोन हिवाळे झाले. गावी गेले की माणसं अजून तिच्या आठवणी काढतात, पण त्यांत तिनं काय केलं ते असतं, ती काय म्हणाली ते क्वचितच असतं. भाताच्या रोवणीत तिच्या हाताला कुणाचा हात लागायचा नाही. तिच्या लाखोरीच्या डाळीला पाहुणा दुसऱ्यांदा ताट पुढे करायचा. बोलणं मात्र मोजकं. "जेव." "नीज." "गाय बांधली का?" लग्न झाल्यावर पहिलं माहेरपण करून मी सासरी निघाले, तेव्हा दुसऱ्या पोरींच्या आया फलाटावर गळ्यात पडून रडत होत्या. माझ्या आईनं माझ्या हातात अनारशांचा डबा दिला आणि म्हणाली, "डब्बा वापस आनजो." दरेकशापासून गोंदियापर्यंत मी तो डबा मांडीवर धरून रडले. शेजारच्या बाईला वाटलं, मला सासर वाईट मिळालं.

आणि हीच माझी आई वर्षातून एक दिवस डोंगरावर जाऊन एका दगडाच्या कानात इतकं बोलायची, की मागे वाट बघणाऱ्या बायका वैतागून जायच्या.

आमचं गाव दरेकशाच्या पुढे, जंगलाला पाठ लावून बसलेलं. गावामागचा डोंगर फार उंच नाही, पण वाट वाकडी. खाली बांबू, मग येन आणि तेंदू, आणि माथ्यावर एकदम सपाटी. त्या सपाटीवर जुन्या देवळाची मोडतोड पडलेली. आताच्या विटांच्या दुप्पट रुंदीच्या विटांचं जोतं, आडवे झालेले दगडी खांब, दाराची एकच बाजू उभी. दुसरी बाजू कुठे गेली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. छपराचा पत्ता नाही, आणि सभागृहाच्या मधोमध मोहाचं झाड. मागच्या भिंतीचा जेवढा तुकडा शिल्लक होता, त्याला टेकून माय बसलेली होती.

शेंदराचे थर तिच्यावर इतके चढले होते की नाक, डोळे, तोंड सगळं बुजून गेलं होतं. ओळखू यायचं ते एवढंच, डोक्यावरचा उंचवटा आणि खांद्यापर्यंत उतरलेले दोन लांब कान. उंचवटा म्हणजे अंबाडा. कान लांब, कारण जन्मभर जड बाळ्या घातल्या असणार. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे कान तसेच लोंबायचे. एवढा पुरावा गावाला भरपूर झाला. माय म्हातारी आहे, अंबाडा घालते आणि तिला कान आहेत. कान आहेत म्हणजे ती ऐकते. तिचं नाव कानवाली माय.

धान चुरून घरात आलं की पुसात, म्हणजे पौषात, बायका वर जायच्या. पुरुषांनी यायचं नाही. रोवणीत एका रांगेत वाकणाऱ्या सगळ्या बायका, कुणाचं घर कोणत्या टोलीत आहे हे त्या दिवशी कुणी पाहत नसे. नवा तांदूळ, हळद, थोडा शेंदूर, एक नारळ. पूजा पाच मिनिटांत आटपायची. खरं काम नंतर सुरू व्हायचं. एकेक बाई मायजवळ जायची, उकिडवी बसायची, पदराचा आडोसा करायची आणि तिच्या कानाला तोंड लावून सांगायचं ते सांगायची. बाकीच्यांनी आडव्या खांबांवर तिच्याकडे पाठ करून बसायचं. कानवालीकडे काही मागायचं नसतं. तो नवस झाला, आणि नवसासाठी दुसरे देव आहेत. हिला नुसतं सांगायचं. सांगितलेलं खाली आणायचं नाही आणि कुणी कुणाला विचारायचं नाही.

आता हा नियम मोठ्या बायकांना ठीक आहे. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आईसोबत वर जायची आणि मला खांबावर पाठ करून बसवलं जायचं. मी मान वळवायची. कुणीतरी डोक्यावर टपली मारायची. तरी मी बघायचीच. आईची पाठ दिसायची आणि तिचा हलणारा उजवा हात. घरी बोलताना तिचा हात कधी हलायचा नाही. इथे मात्र ती हातवारे करायची, मधेच थांबायची, मग पुन्हा सुरू. एकदा तर ती हसली. मी स्वतः ऐकलं. घरी आईला हसवायला आम्ही भावंडं माकडासारख्या उड्या मारायचो, तर ती म्हणायची, पाय मोडल. आणि इथे हा शेंदराचा गोळा बसल्या जागी तिला हसवून मोकळा.

मला त्या मायचा हेवा वाटायचा. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हाही मला ते नीट कळत होतं. उतरताना मी आईचं बोट धरून मुद्दाम मागे ओढायची, मला काटा रुतला म्हणायची, तहान लागली म्हणायची. ती थांबायची, काटा शोधायची, तो नसायचाच. मग म्हणायची, "चाल." जे काय सांगायचं होतं ते वर सांगून झालेलं असायचं आणि माझ्या वाटणीला ते 'चाल' उरायचं.

लग्न झाल्याशिवाय पोरींना मायच्या कानाशी जायची परवानगी नव्हती. पोरींजवळ सांगण्यासारखं काय असतं, असा बायकांचा हिशेब. माझं लग्न अर्जुनी मोरगावला झालं. नवऱ्याचं बियाणं आणि खताचं दुकान. घरी थोडी शेती. माणसं चांगली, बोलकी, इतकी बोलकी की जेवताना घास गार व्हायचा. त्या पहिल्या पुसात मी गावी आले आणि मायच्या कानाशी जायचा माझा नंबर आला. कानाशी उकिडवी बसले. शेंदराचा आणि तेलाचा वास नाकात गेला. सांगायला काही कमी नव्हतं, नवी नवरी होते. पण तोंडातून निघालं ते असं, की माझी आई तुला काय सांगते गं? कान नुसतेच कान. थोड्या वेळानं मागून कुणीतरी खाकरलं आणि मी उठले. आईनं माझ्याकडे पाहिलं, पण नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. तिनं तेव्हा तो नियम मोडला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात मायचं शेंदराचं कवच निखळलं. असं होतं म्हणतात. थर फार झाले की त्यांचं ओझं त्यांनाच पेलत नाही. गुराख्यांनी येऊन सांगितलं, मायनं अंग टाकलं. गाव वर धावलं, आई तेवढी घरी राहिली. खाली शेंदराचे खापरे पडलेले आणि आत काळ्याशार दगडाचा एक पुरुष मांडी घालून बसलेला. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर असल्या-नसल्यासारखं हसू, डोक्यावर अंबाडा नाही तर बारीक कुरळ्या केसांचा उंचवटा. कान मात्र तेवढेच लांब. मग सरकारी माणसं आली, मोजमापं घेतली, स्वच्छ केलं आणि पाटी लावली की हे प्राचीन बौद्ध मंदिराचे अवशेष आहेत. जोत्याभोवती तारेचं कुंपण झालं, त्याला एक फाटक ठेवलं.

गावातल्या पुरुषांनी पारावर दोन-तीन बैठका घेतल्या. देव कुणाचा, यावर घसा कोरडा होईपर्यंत बोलले. पैकी कुणी कधी वर जाऊन हळदीचं बोटही लावलं नव्हतं. बौद्ध टोलीतले लोक पौर्णिमेला वर जाऊन मेणबत्त्या लावू लागले, बाकीच्यांनी दोन दिवस तोंडं वाकडी केली आणि मग धान कापायला आलं, म्हणून विषय मिटला. बायकांची अडचण निराळीच होती आणि ती कुणी पारावर मांडली नाही. त्यांना देव कुणाचा याचं काही नव्हतं. पण इतकी वर्षं ज्याच्या कानाला तोंड लावून नवऱ्याच्या, सासूच्या, अंगाच्या, पाळीच्या गोष्टी सांगितल्या तो बाप्या निघाला! म्हाताऱ्या तर आठवडाभर एकमेकींकडे बघेनात. परक्या पुरुषाच्या कानात कसं बोलावं? पुढच्या पुसात कुणी वर गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईही गेली नाही. मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, गुडघे दुखतात.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी गोंदियाच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती, बघत होती, आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज निघत होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, नाहीतर येणार नाही. एवढं तर मलाही सांगता आलं असतं. ज्या बाईचं बोलणं ऐकायला मी जन्मभर तिच्या मागे मागे फिरले, तिचे होते नव्हते ते शब्दही गेले, आणि मला 'जेव' आणि 'नीज'चीसुद्धा आठवण येऊ लागली. दुकानात बसल्या बसल्या डोळे भरायचे. गिऱ्हाईक युरियाचा भाव विचारायचं आणि मी नाक पुसायची.

दर पंधरवड्याला मी जायची. अर्जुनीहून गोंदिया, तिथून दुसरी गाडी, आणि कचारगडची जत्रा असली तर डब्यात उभं राहायलाही जागा नाही. एकदा घरी पोचले तर भावजय आईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कानात औषधाचे थेंब घालत होती. आई डावा हात झटकत होती. भावजय म्हणाली की आईंना रोज सकाळी अंगणात बसवलं की त्या एकदा बाहेर बोट दाखवतात आणि मग स्वतःचा कान धरतात. भावानं सालेकशाच्या डॉक्टरला विचारलं, त्यानं हे थेंब दिले. पहिल्यांदा वाटलं, बाहेरच्या भोंग्याचा त्रास होतो, म्हणून शेजाऱ्याला सांगून भोंगा बंद करवला. मग वाटलं, कानातले हवेत, म्हणून पेटीतून काढून घातले, तर त्यांनी ओढून फेकले.

मी आईसमोर बसले. तिनं अंगणाबाहेर बोट केलं. बोटाच्या टोकाला डोंगर होता. मग तिनं कान धरला. मी म्हटलं, "कानवालीकडं जायचं?" तिनं डोळे मिटले आणि उघडले, आणि त्या उघड्या डोळ्यांतून पाणी आलं. थेंबांची बाटली भावजयीनं गुपचूप कणगीमागे ठेवून दिली.

भाऊ माझ्यापेक्षा लहान, पण घराचा कारभारी असल्यानं मोठा झालेला. आईला वर न्यायला त्यानं साफ नाही म्हटलं. त्याचंही चुकत नव्हतं. वाट तशी, आई अशी. पण त्याची खरी भीती वेगळी होती. शेंदूर निखळल्यापासून आई वर गेली नव्हती, तिनं ती मूर्ती उघडी पाहिलेली नव्हती. "तिथं आता माय नाही, बाई," तो मला म्हणाला. "इतक्या वर्षांची तिची माय, आन् वर जाऊन पाह्यते तं भलताच कोनी. मन तुटल तिचं. तेवढं काऊन दाखवाचं?"

खरं तर मलाही तीच भीती होती, आणि तिच्याखाली माझा स्वार्थ होता. आईला कुणाच्या तरी कानाशी बोलायचं होतं, आणि तो कान माझा नव्हता. वाचा गेल्यावरही तिला आठवला तो दगड. मी पन्नाशीची बाई, दोन पोरांची आई, आणि अंगणात उभी राहून पुन्हा त्याच दगडावर जळत होते.

त्या वेळी काकी आली होती. ही आईची रोवणीतली जोडीदारीण, बौद्ध टोलीतली. बांधावरची भांडणंही दोघींनी एकत्रच केलेली. ती आताही दर पौर्णिमेला वर मेणबत्ती लावून येते. सगळं ऐकून तिनं तंबाखूची चिमूट दातात ठेवली आणि भावाला म्हणाली, "कान तं तेच आहेत ना? मंग? मी येतो संग, नेऊन टाक."

भाऊ मान खाली घालून बांबू तोडायला गेला.

पूस नव्हता, माघ लागला होता, पण नियम पाळायला आता होतं कोण. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, आईला तिच्या लुगड्यानंच खुर्चीला बांधलं आणि चौघांनी उचललं. खाटेवर न्यायचं ठरलं होतं, पण ती खाटेवर निजायला तयार होईना. आडवं होऊन गावाबाहेर जायला तिचा विरोध होता, आणि तो समजायला बोलायची गरज नव्हती. मी पुढे, हातात डहाळी घेऊन वाटेतले बांबू बाजूला करत. काकी मागून चालत सगळ्यांना शिव्या देत होती, सांभाळून धरा, मैत्रीण आहे माझी, धानाचं पोतं नाही. अर्ध्या वाटेत चौघेही घामानं निथळत होते. आई मात्र रथात बसल्यासारखी. मोह अजून फुलला नव्हता. येनाच्या पानगळीवर पाय घसरत होते आणि खाली दूर आगगाडी जाताना ऐकू येत होती.

फाटकातून खुर्ची आत जाईना. तिथे बांबू सोडले, आणि भावानं आईला लहान मुलासारखं उचलून आत नेलं. मूर्तीच्या समोर सतरंजीवर टेकवून बसवलं. पुरुषांनी इथे थांबायचं नाही हे त्याच्या लक्षात होतं. तो आणि बाकीचे तिघं फाटकाबाहेर जाऊन बिड्या ओढत बसले.

आई वर बघत होती. स्वच्छ काळ्या दगडावर सकाळचं ऊन आलं होतं. मायच्या जागी बसलेला तो पुरुष, मिटत आलेले डोळे, ते थोडंसं हसू. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. मन तुटतं कसं, ते दिसेल म्हणून मी उभी होते. तसं काही दिसलं नाही. ती त्याला न्याहाळत होती. बराच वेळ. कपाळ, नाक, ओठ, मांडीवर ठेवलेले हात. इतकी वर्षं जिच्याशी बोललो तिचं तोंड आज दिसतंय, असं काहीसं तिच्या नजरेत होतं. मग तिनं डावा हात लांब केला. मी तिला पुढे सरकवलं. तिनं त्याच्या लोंबत्या कानाच्या पाळीला बोट लावलं, वरून खाली फिरवलं आणि हात मागे घेतला.

काकी लगेच पाठ करून आडव्या खांबावर जाऊन बसली. मीही वळले. आता आई बोलणार, तिच्या त्या घोगऱ्या आवाजात जसं जमेल तसं बोलणार, आणि मी पुन्हा पाठ करून बसणार, हे मला ठाऊक होतं. मी खांबाकडे दोन पावलं गेलेही. मागे काहीच ऐकू येईना. मी मान वळवली, लहानपणी वळवायची तशीच, आता टपली मारायला कुणी नव्हतं.

आईनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. एका हातानं, खालपर्यंत, सासऱ्यासमोर घ्यायची तसा. पदर नीट बसत नव्हता, ती पुन्हा पुन्हा ओढत होती. वडीलधाऱ्या पुरुषासमोर असं बसतात. असल्या माणसापुढे ती जन्मात कधी एक शब्द बोलली नव्हती, आणि आताही बोलणार नव्हती. तिनं हात कपाळाला लावला, त्याला नमस्कार केला. आणि मग माझ्याकडे बघून डावा हात हलवला, ये म्हणून.

मला वाटलं, झालं, आता खाली न्या म्हणते. मी जवळ गेले, तिला उचलायला वाकले. तिनं माझा कान धरला. पोरांचा धरतात तसा, पाळीला, चांगला घट्ट. माझं डोकं खाली ओढलं. कान तोंडाजवळ आला तसा तिनं पाळीवरचा हात काढला आणि पदर माझ्या डोक्यावरूनही घेतला. आत अंधार झाला, तिचा श्वास माझ्या कानात गरम लागत होता.

आणि ती बोलायला लागली. शब्द नव्हते. अ, ग, ब असलं काही, घोगरं, चढतं, उतरतं. मधेच थांबून पुन्हा सुरू. तिचा डावा हात माझ्या पाठीवर हलत होता. मधे एकदा आवाज असा निघाला की ती हसली असावी. लाळ माझ्या मानेवरून ओघळत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि मी हूं म्हणत होते, मग हूं, मग हो गं, मग हूं. फाटकाजवळून भावानं हाक मारली की ऊन चढतंय. काकीनं त्याला गप्प बसायला सांगितलं. माझे गुडघे भरून आले होते, तरी मी हललेच नाही. तिनं थांबू नये, एवढंच मला वाटत होतं.